पहिला वाचक, वय वर्षं दहा

३० ऑक्टोबर १९३६ रोजी इंग्लंडमधल्या एका दहा वर्षांच्या मुलाने एका हस्तलिखितावर अभिप्राय लिहिला. त्याबद्दल त्याला एक शिलिंग मिळाला. मुलाचं नाव रेनर अनविन. शिलिंग देणारे त्याचे वडील, ॲलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेचे मालक स्टॅन्ली अनविन. हस्तलिखित होतं 'द हॉबिट'चं. रेनरने गोष्ट थोडक्यात सांगितली, पुस्तकात नकाशे असल्यामुळे चित्रांची गरज नाही असं मत दिलं, आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे पुस्तक आवडेल असा निर्वाळा दिला. तो स्वतः दहा वर्षांचा होता, त्यामुळे 'लहान मुलांसाठी ठीक आहे' एवढंच तो म्हणू शकत होता.

फँटसी लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट कधी ना कधी ऐकायला मिळते. मलाही मिळाली. दिवसा मी पुण्यात एका कंपनीत पेमेंट सिस्टिमचा कोड लिहितो. गेली चार वर्षं रात्री आणि शनिवार-रविवारी मराठीत एक कादंबरी लिहितोय: बारा ते सोळा वयाच्या मुलांसाठी, सह्याद्रीसारख्या पण सह्याद्री नसलेल्या डोंगरांत घडणारी. तिसरा खर्डा पूर्ण झाल्यावर तो एका प्रकाशकांकडे पाठवला. त्यांचा फोन आला, तोही आपणहून, हे विशेष. भाषेचं कौतुक केलं. मग म्हणाले, "पण हे वाचणार कोण? ज्या वयाची मुलं हे वाचतील ती इंग्रजीत वाचतात, आणि जी मराठीत वाचतात त्यांच्या हातात अडीचशे-तीनशे रुपयांचं पुस्तक कोण ठेवणार?"

मला राग आला नाही, कारण उत्तर माझ्याकडेही नव्हतं. म्हणून मी मागे वळून बघायला लागलो. पहिलीच फँटसी कादंबरी, तीही वाढत्या वयाच्या मुलांसाठी, लिहिणाऱ्यांचं पुस्तक बाजारात नक्की पोचलं कसं? लेखनाच्या प्रेरणा वगैरेंबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं. मला हवी होती ती मधली पाइपलाइन: लेखकाच्या टेबलापासून मुलाच्या हातापर्यंतची.

शिलिंगच्या आधी

टॉल्किन तेव्हा ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते. परीक्षेचे पेपर तपासताना एका विद्यार्थ्याने कोरं सोडलेलं पान मिळालं आणि त्यावर त्यांनी हॉबिटचं पहिलं वाक्य खरडलं, ही कथा प्रसिद्ध आहे. त्यापुढचा भाग कमी सांगितला जातो. त्यांनी गोष्ट घरी मुलांना सांगितली, बरीचशी लिहून काढली, आणि शेवट टाइप न करताच ठेवून दिली. छापण्यासाठी त्यांनी स्वतःहून कुणाचं दार ठोठावलं नव्हतं.

ते बाड त्यांनी काही ओळखीच्यांना वाचायला दिलं होतं. त्यांपैकी एक त्यांची पूर्वीची विद्यार्थिनी इलेन ग्रिफिथ्स. तिची मैत्रीण सुझन डॅग्नॉल ॲलन अँड अनविनमध्ये नोकरी करत होती. सुझनने ते वाचलं आणि टॉल्किनना सांगितलं, की हे पूर्ण करा आणि आमच्याकडे द्या. ते पूर्ण होऊन १९३६च्या ऑक्टोबरात प्रकाशकांकडे गेलं. मग ते रेनरच्या हातात पडलं, कारण मुलांच्या पुस्तकाचा उत्तम परीक्षक मूलच असतं असं स्टॅन्ली अनविन मानत. मुलांना वाचायला द्यायचं आणि लेखी अभिप्रायाचा मोबदला द्यायचा, ही त्यांची पद्धतच होती.

२१ सप्टेंबर १९३७ रोजी १५०० प्रतींची पहिली आवृत्ती निघाली. डिसेंबरपर्यंत ती संपली. चित्रं नकोत असं रेनरने सांगितलेलं असूनही टॉल्किनने काढलेली चित्रं त्यात होती. म्हणजे परीक्षकाचं सगळंच ऐकलं गेलं असं नाही. टॉल्किन तेव्हा ४५ वर्षांचे होते. पहिली कादंबरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विशीतला माणूस येतो. हा पहिलटकर चार मुलांचा बाप होता.

या गोष्टीचा उत्तरार्ध मला जास्त आवडतो. तो दहा वर्षांचा मुलगा मोठा होऊन वडिलांच्याच संस्थेत कामाला लागला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं प्रचंड हस्तलिखित दुसऱ्या प्रकाशकाकडून फिरून परत त्यांच्याकडे आलं. रेनरने हिशोब मांडला, की यात हजार पौंडांचा तोटा होऊ शकतो. त्याने परदेशी गेलेल्या वडिलांना तसं कळवलं. ही असामान्य कलाकृती आहे अशी तुझी खात्री असेल तर हजार पौंड बुडाले तरी चालतील, अशा अर्थाचं उत्तर आलं. एका शिलिंगवर कामाला ठेवलेल्या वाचकाने अठरा वर्षांनी, १९५४-५५मध्ये, तीन खंड काढून दाखवले.

कपाटाला नाव कसं पडलं

'हॉबिट' हे लहान मुलांचं पुस्तक म्हणून आलं, कारण मधल्या वयासाठी वेगळं कपाटच नव्हतं. ते अमेरिकेत तयार झालं, आणि ते मुख्यतः ग्रंथपालांचं काम. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने 'यंग ॲडल्ट' वाचकांसाठी स्वतंत्र विभाग १९५७मध्ये सुरू केला. लेखक नंतर आले. १९६७मध्ये एस. ई. हिंटन हिची 'द आउटसायडर्स' आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. शाळकरी मुलीने शाळकरी मुलांवर लिहिलेली ती कादंबरी फँटसी नव्हती, पण या वयाचा वाचक आहे आणि त्याला स्वतःची पुस्तकं हवी आहेत, हे तिने दाखवून दिलं.

पुढच्याच वर्षी 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आली. ही अर्सुला ल ग्वीनची पहिली कादंबरी नव्हे. तिची विज्ञानकथा आधी छापून आली होती. पण मोठ्या मुलांसाठी लिहिण्याची तिची पहिली वेळ होती. मुद्दा असा, की हे तिला आपणहून सुचलं नव्हतं. बर्कलीच्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनाचे हर्मन शाइन यांनी तिच्याकडे मोठ्या मुलांसाठी काहीतरी मागितलं. मग तिला प्रश्न पडला, की पांढऱ्या दाढीचे जादूगार म्हातारे व्हायच्या आधी काय करत होते? ते कुठे शिकले? जादूच्या शाळेची कल्पना अशी एका प्रकाशकाच्या विचारणेतून फुलली.

कुणीतरी मागितलं होतं, हे वाक्य मी वहीत दोनदा लिहून ठेवलं आहे.

मॉन्टानातलं तीन माणसांचं प्रकाशन

हॅरी पॉटरची जन्मकथा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून दोनच गोष्टी. अनेक प्रकाशकांनी नाकारलेलं हस्तलिखित ब्लूम्सबरीच्या नायजेल न्यूटन यांनी घरी नेलं आणि आठ वर्षांच्या मुलीला, ॲलिसला, वाचायला दिलं. ती थोड्या वेळाने खाली आली आणि पुढचा भाग मागायला लागली. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी: २६ जून १९९७ला पुस्तक आलं तेव्हा पुठ्ठाबांधणीच्या पहिल्या छपाईच्या फक्त ५०० प्रती होत्या, आणि त्यांतल्या ३०० ग्रंथालयांत गेल्या. सगळं जग पहिली गोष्ट सांगतं. मला दुसरी महत्त्वाची वाटते.

माझं मन जास्त रमलं ते तिसऱ्या कथेत. एकतर तिचा नायक माझ्यासारखाच घरच्या कॉम्प्युटरवर लिहिणारा होता. आणि दुसरं, सातवी-आठवीत असताना कॅम्पातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला मिळालेली पहिली जाडजूड इंग्रजी कादंबरी त्याचीच: 'एरागॉन'. मुखपृष्ठावर निळा ड्रॅगन होता. सुरुवातीची शंभर पानं मला अर्धवटच समजली होती, तरी सोडवेना.

क्रिस्टोफर पाओलिनीचा जन्म १९८३चा. तो अमेरिकेत मॉन्टाना राज्यातल्या पॅरडाइज व्हॅलीत वाढला. शाळेत गेला नाही. आईवडिलांनी घरीच शिकवलं आणि पत्रद्वारा अभ्यासक्रमातून पंधराव्या वर्षी त्याने शालान्त शिक्षण पूर्ण केलं. कॉलेजला जायला वय कमी, करायला काही नाही, म्हणून कादंबरी. पहिला खर्डा लिहायला एक वर्ष. लिहून झाल्यावर वाचला तर आवडला नाही, म्हणून दुसरं वर्ष तो नव्याने लिहिण्यात गेलं. मग आईवडिलांना दाखवला.

आईवडिलांचा घरगुती प्रकाशनाचा छोटा व्यवसाय होता. त्यांनी हे पुस्तक आपणच काढायचं ठरवलं. तिसरं वर्ष गेलं संपादन, मुद्रितं तपासणं, पानांची मांडणी यांत. पोराने मुखपृष्ठावर ड्रॅगनचा डोळा काढला, आतला नकाशाही काढला. कॉलेजची शिष्यवृत्ती मिळत होती ती त्याने नाकारली.

इथे थोडं तंत्रज्ञानाबद्दल बोलतो, कारण तो माझा प्रांत. ऑफसेट छपाईत खर्च असतो तो सुरुवातीच्या तयारीत: प्लेट बनवा, मशीन लावा, मग पहिली प्रत निघते. हा खर्च प्रतींवर वाटला जातो, म्हणून हजार-दोन हजार छापल्याशिवाय परवडत नाही. मग त्या हजार प्रती ठेवायला जागा हवी, आणि विकल्या गेल्या नाहीत तर पैसे पलंगाखाली पडून. १९९०च्या दशकात डिजिटल छपाई या कामाच्या पातळीला पोचली. फाइल सर्व्हरवर ठेवायची, मागणी आली की तेवढीच प्रत छापायची. अमेरिकेत पुस्तकांचे घाऊक वितरक असलेल्या इन्ग्रम कंपनीने १९९७मध्ये अशी छपाई सुरू केली. ज्या वर्षी पॉटरच्या ५०० प्रती निघाल्या, त्याच वर्षी. प्रत्येक प्रत थोडी महाग पडते, पण साठा शून्य. २००२मध्ये 'एरागॉन'ची घरगुती आवृत्ती अशाच मागणीनुसार छपाईने निघाली. पाच वर्षं आधी हेच कुटुंब हेच करायला गेलं असतं तर पहिल्याच खेपेत कर्जात गेलं असतं.

पण छापणं सोपं झालं म्हणजे विकणं सोपं झालं असं नाही. हे माझ्या पिढीतल्या प्रत्येक ई-बुक लेखकाला कळलेलं आहे. पाओलिनी कुटुंबाने त्यावर काढलेला उपाय अगदी जुन्या वळणाचा होता. लाल सदरा, काळी विजार, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि काळी टोपी असा मध्ययुगीन पोशाख घालून हा मुलगा २००२ आणि २००३च्या सुरुवातीला शाळा, ग्रंथालयं आणि पुस्तकांच्या दुकानांत १३५हून अधिक ठिकाणी बोलला. बोलायचं, वाचून दाखवायचं, सह्या करायच्या आणि पुढच्या गावी निघायचं. तोवर घरात दुसरं उत्पन्न फारसं नव्हतं. पुस्तकाने आणखी काही महिन्यांत पैसे दिले नसते तर घर विकून शहरात नोकऱ्या शोधायची वेळ आली असती, असं त्याने नंतर सांगितलं आहे.

मग इथेही मूल येतंच. २००२च्या उन्हाळ्यात कादंबरीकार कार्ल हायासन कुटुंबासह मॉन्टानात सुट्टीवर होते. त्यांच्या सावत्र मुलाने तिथे 'एरागॉन' विकत घेतलं आणि ते त्याला बेहद्द आवडलं. हायासन यांची मुलांसाठीची पहिली कादंबरी 'हूट' त्याच वर्षी क्नॉफने काढली होती. त्यांनी आपल्या प्रकाशकांना हे पुस्तक बघायला सांगितलं. क्नॉफने हक्क घेतले, संपादन पुन्हा केलं, मजकुराला कात्री लावली, जॉन ज्यूड पॅलेन्कार यांच्याकडून निळ्या ड्रॅगनचं नवं मुखपृष्ठ करून घेतलं, नकाशा मात्र पोराचाच ठेवला. २६ ऑगस्ट २००३ला ही आवृत्ती आली तेव्हा लेखक एकोणीस वर्षांचा होता.

पुढे जे झालं ते झालं: खपाच्या याद्या, चार भागांची मालिका, २००६चा सिनेमा. टीकाही झाली. शेतावरचा पोरका मुलगा, गूढ म्हातारा गुरू, उद्ध्वस्त घर, दुष्ट साम्राज्य, म्हणजे 'स्टार वॉर्स'ची गोष्ट टॉल्किनच्या भूगोलात, असं म्हटलं गेलं. आज पुन्हा वाचताना ते खोटं म्हणता येत नाही. पण सातवीतल्या मला 'स्टार वॉर्स' माहीत नव्हतं. आपल्याहून थोड्याच मोठ्या मुलाने हे लिहिलंय, एवढंच मला माहीत होतं. त्या रात्री मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर माझा पहिला नकाशा काढला. आजच्या कादंबरीतली एक नदी त्या नकाशातून आलेली आहे.

सर्किटमधला शेवटचा स्विच

तीन पुस्तकं, तीन मुलं: वय दहा, वय आठ आणि एक शाळकरी. कथा म्हणून हे फार छान जमतं, आणि म्हणूनच मला त्याची शंका येते. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही यशस्वी रिक्वेस्टच बघून निष्कर्ष काढला तर सिनियर आम्हाला हाकलतील. अयशस्वी झालेल्यांचा लॉग कुठे आहे? कितीतरी मुलांनी कितीतरी हस्तलिखितं वाचून 'छान आहे' म्हटलं असेल आणि काहीच झालं नसेल. त्यांची आख्यायिका होत नाही.

शिवाय मूल हा सर्किटमधला शेवटचा स्विच आहे. दिवा त्याने लागतो हे खरं, पण तारा आधी ओढलेल्या असतात. रेनरच्या आधी इलेन होती, सुझन होती, आणि मुलांना परीक्षक मानणारा प्रकाशक होता. ॲलिसच्या आधी लेखिकेचा एजंट होता, नंतर ३०० प्रती घेणारी ग्रंथालयं होती. हायासनच्या मुलाच्या हातात पुस्तक पडलं ते पाओलिनी गावोगाव फिरत होता म्हणून, आणि अनोळखी पोराला बोलायला बोलावणाऱ्या शाळा नि ग्रंथालयं होती म्हणून.

मराठीत या तारा कधी नव्हत्याच असं नाही. भा. रा. भागवतांनी १९५१मध्ये 'बालमित्र' मासिक काढलं. ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला, फास्टर फेणे दिला. १९७१मध्ये बालभारतीने 'किशोर' सुरू केलं आणि ते आजही निघतं. 'चांदोबा'तल्या विक्रम-वेताळावर दोन पिढ्या वाढल्या. अद्भुताचं वावडं आपल्याला नाही. पण यांतलं बरंचसं मासिकांच्या वाटेने आलं: दरमहा घरात येणारा अंक, त्यात सापडणारी गोष्ट. ती वाट अरुंद झाली. कादंबरीची, चारशे पानांची, पुस्तकाच्या दुकानातून येणारी वाट रुंद झाली तेव्हा तिच्यावरून आली ती मुख्यतः भाषांतरं. 'हॅरी पॉटर आणि परीस' हे नाव मला अजून मूळ नावाहून सरस वाटतं. फिलॉसॉफर्स स्टोनला मराठीत आधीपासून एक तीन अक्षरी शब्द होता, आणि तो आजीच्या बोलण्यात होता. म्हणजे शब्द आहेत आपल्याकडे.

प्रकाशकांच्या प्रश्नाकडे परत येतो: वाचणार कोण? मी तो प्रश्न चुकीचा समजलो होतो. त्यांना बाजार विचारायचा होता. माझ्यापुरता तो अक्षरशः लागू होता. चार वर्षांत माझी कादंबरी नऊ जणांनी वाचली होती. सगळे पंचविशीच्या पुढचे, निम्मे माझ्या ऑफिसातले. बारा वर्षांच्या एकाही माणसाने तिला हात लावलेला नव्हता. ज्याच्यासाठी बनवलं त्या युजरला न दाखवता मी तीन रिलीज काढले होते.

रविवार

माझ्या मावसबहिणीची मुलगी बारा वर्षांची आहे, इंग्रजी माध्यमात. मराठी बोलते फर्डं, वाचते अडखळत. तिला मी शंभर रुपये मानधन देऊ केलं. तिने दोनशे मागितले. दीडशेवर सौदा ठरला, लेखी अभिप्रायासकट. तिला वाचायचा कंटाळा येऊ नये म्हणून पहिलं प्रकरण मी वाचून दाखवलं. ताई स्वयंपाकघरातून ऐकत होती.

नऊ मोठ्या माणसांनी पहिल्या प्रकरणातल्या पावसाच्या वर्णनाची तारीफ केली होती. दोन पानांचं आहे ते. भाची दुसऱ्या परिच्छेदाला म्हणाली, "मामा, पाऊस पडतोय हे कळलं. पुढे?" मी पुढे गेलो. मुलगी किल्ल्याच्या चोरदरवाज्यातून आत शिरते तिथे ती उठून बसली. प्रकरण संपल्यावर तिने विचारलं, की त्या मुलीला अंधारात दिसतं कसं, कारण आधी तर तिला चष्मा आहे असं लिहिलंय आणि तो नदीत पडलाय. नऊ जणांपैकी एकालाही तो चष्मा आठवला नव्हता. मलाही नाही.

अभिप्राय तिने वहीच्या पानावर दिला, मराठीत, कारण करारात तसं होतं. पाऊस कमी करा. चष्मा बघा. गुरुजी फार बोलतात. आणि खाली एक ओळ: हे चौथीच्या मुलांना आवडेल.

मी दीडशे रुपये दिले. त्या रात्री पावसाची दीड पानं काढून टाकली; सातव्या प्रकरणातला चष्मा अजून सुटत नाही, कारण पुढचं अर्धं कथानक त्याच्यावर उभं आहे. प्रकाशकांना अजून काही कळवलेलं नाही. पण ताईने तिच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना विचारलं, आणि त्या म्हणाल्या, शनिवारी वाचनाचा तास असतो, येऊ दे त्याला, पण पाऊण तासच मिळेल. लाल सदरा माझ्याकडे नाही. दुसरं प्रकरण मोठ्याने वाचून बघितलं, एक तास दहा मिनिटं लागतात. पंचवीस मिनिटं कापायची आहेत, आणि शनिवारला चार दिवस आहेत.